दवण्याच्या भावकीतलं झुडूप आणि त्यात नाचणारा पक्षी

गुढी उतरवून काहीच दिवस झालेत, चैत्र चालू आहे. कोल्हापूरकडच्या मंडळींना चैत्र म्हटलं की जोतिबाची यात्रा आठवत असेल. गुलाल, खोबरं आणि दवणा. तो दवण्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही.

आज या दवण्याच्या भावकीतल्या एका झुडपाची गोष्ट सांगायची आहे. यलोस्टोनला आणि ग्रँड टीटनला आपल्यातले पुष्कळ जण जाऊन आलेत. वायोमिंगमधून गाडी चालवताना दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल राखी रंगाची, गुडघ्याएवढी, कुठे कंबरेएवढी झुडपं दिसतात. तेच सेजब्रश. पुढच्या वेळी थांबून त्याचं एक पान बोटांत चुरडून बघा. दवणा आणि सेजब्रश दोघंही आर्टेमिसिया या एकाच कुळातले आहेत, हे वासावरूनच पटेल.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, इथे काहीच नाहीये." मीही म्हणालो, "झोप, डोंगर आले की उठवतो." आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळरानाकडे बघूनही लोक हेच म्हणतात. पडीक जमीन, कामाची नाही. आजचं बोलणं आमच्या त्या दोन वाक्यांबद्दल आहे, कारण ती दोन्ही चुकीची होती.

या झुडपांत सेज ग्राऊस नावाचा पक्षी राहतो. कोंबडीपेक्षा मोठा, टर्कीपेक्षा लहान. नराचं वजन तीन किलोपर्यंत भरतं. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असताना तो जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खाऊन राहतो. कठीण दाणे भरडायला लागते तशी दणकट पेटी त्याच्या पोटात नसते, त्यामुळे मऊ पानांवरच त्याची भिस्त. मादी घरटं करते तेही याच झुडपाखाली. पिल्लं सुरुवातीला किडे आणि कोवळा पाला खातात, म्हणून उन्हाळ्यात आई त्यांना घेऊन उंचावरच्या ओलसर कुरणांकडे सरकते. म्हणजे झुडूप गेलं की छप्परही गेलं आणि ताटही गेलं.

वसंतात, मार्चपासून मेपर्यंत, भल्या पहाटे नर एका मोकळ्या जागेवर जमतात. या जागेला इंग्रजीत लेक म्हणतात. आपली लेक नव्हे बरं का! मूळ स्वीडिश शब्द, अर्थ खेळ. आपण नाचाचं अंगण म्हणू. शेपटीची टोकदार पिसं पंख्यासारखी उभारायची, छातीवरच्या दोन पिवळसर पिशव्या हवेने फुगवायच्या आणि त्यातून बुडबुडा फुटल्यासारखा आवाज काढायचा. माद्या शांतपणे फिरून बघतात, आणि बहुतेक जणी मोजक्या दोन-चार नरांचीच निवड करतात. पक्षी पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंगणात येत राहतात.

दोन वर्षांनी आम्ही हा नाच बघायला म्हणून मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो. हॉटेलमधून निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा उजाडलं होतं. मी हेडलाइट न विझवता गाडी पुढे घेतली आणि मुलाने धाडकन दार उघडलं. सगळे पक्षी भर्रकन उडून गेले. शेजारच्या गाडीतल्या आजोबांच्या मांडीवर वही होती. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आजची मोजणी संपली." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही मोजणी म्हणजेच या पक्ष्याच्या अभ्यासाचा पाया आहे. माद्या झुडपांत अशा मिसळून जातात की मोजणं अशक्यच, म्हणून अंगणात आलेले नर मोजायचे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, हंगामात अनेकदा, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. अशा अनेक दशकांच्या वह्या एकत्र करून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने 2021 मध्ये हिशोब मांडला, तेव्हा 1965 पासून या पक्ष्यांची संख्या सुमारे 80% घटल्याचं दिसलं.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेल पॅट्रिसेली यांनी तर पेंढा भरलेल्या मादीच्या आत यंत्र बसवून ती अंगणात फिरवली, नर कसे वागतात ते बघायला. त्यांच्या गटाचा दुसरा प्रयोग मला जास्त लागला. वायोमिंगमधल्या काही अंगणांजवळ त्यांनी नुसते स्पीकर लावले. रस्ता नाही, यंत्र नाही, फक्त आवाज. विहीर खोदण्याचा सलग आवाज ऐकवला तिथे नरांची हजेरी 29% नी घटली. आणि मधूनमधून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकवला तिथे? 73% नी! माझी गाडी त्यातलीच एक.

आवाजाहून मोठं संकट एका गवताचं आहे. चीटग्रास नावाचं हे गवत युरोप-आशियातून इथे आलं. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळतं आणि झुडपांमधली मोकळी जागा भरून टाकतं. मग ठिणगी पडली की आग एका झुडपावरून दुसऱ्यावर सरकत जाते. मोठं सेजब्रश जळलं की मुळापासून पुन्हा फुटत नाही, बी रुजून यावं लागतं आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. चीटग्रास मात्र पुढच्याच हंगामात हजर, पुन्हा आगीला तयार.

जाणारं झुडूप परत आणणं किती कष्टाचं आहे, ते ग्रँड टीटनमध्ये बघायला मिळतं. मॉर्मन रोवरच्या जुन्या लाकडी कोठाराचा, मागे डोंगर असलेला फोटो तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. त्या परिसरात शंभरएक वर्षांपूर्वी वसाहतकऱ्यांनी सेजब्रश काढून जनावरांसाठी परदेशी गवत लावलं. माणसं गेली, गवत राहिलं, झुडूप परतलं नाही. आता नॅशनल पार्कवाले जवळपास 4,500 एकरांवर गवत काढून स्थानिक झाडांचं बी पेरताहेत, टप्प्याटप्प्याने. आणि याच खोऱ्यात जॅक्सन होलचा विमानतळ आहे, नॅशनल पार्कच्या आत. त्याच्या धावपट्टीजवळही सेज ग्राऊसचं एक अंगण आहे. म्हणजे आपण उतरतो त्या विमानाच्या चाकांपासून हा पक्षी फार लांब नसतो.

सरकारी पातळीवर बरंच काही झालं. 2010 मध्ये केंद्र सरकारने म्हटलं, हा पक्षी संरक्षित यादीत जायला पात्र आहे, पण आधी इतरांची पाळी. त्याच वर्षी शेतकरी आणि पशुपालकांना बरोबर घेऊन त्यांच्या जमिनीवर काम सुरू झालं. पक्षी आपटू नयेत म्हणून तारांच्या कुंपणांना खुणा लावल्या, झुडपांत घुसलेली जुनिपरची झाडं काढली. 2015 मध्ये 11 राज्यांमधल्या योजना बघून, यादीत घालण्याची गरज नाही असं ठरलं. योजनांवरची ओढाताण त्यानंतरही चालूच राहिली.

हे वाचताना मला सारखा आपला माळढोक आठवत होता. तोही माळावरचा, तोही मादीसाठी गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर प्रचंड मोठं. पण आत गावं, शेतं, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं. लोकांना पक्षी नकोसा वाटू लागला. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास दिसेनासा झाला आहे, आणि साऱ्या भारतात दोनशेसुद्धा उरलेले नाहीत. सेज ग्राऊस अजून तिथवर गेलेला नाही. त्याच्याबाबतीत हातात वेळ आहे, हाच काय तो फरक.

मग आपण काय करायचं? नाच बघायला जरूर जा, पण सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा. दिवे बंद, इंजिन बंद, गाडीतच बसा आणि पक्षी जाईपर्यंत हलू नका. ड्रोन नको, कुत्रा नको. हाइकहून परतताना बुटांना आणि पायमोज्यांना चिकटलेली कुसळं तिथेच झटका, पुढच्या पार्कात नेऊ नका. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. आणि मुलांना ईबर्डवर नोंद करायला शिकवा. सेज थ्रॅशर, ब्रूअर्स स्पॅरो असे लहान पक्षीही याच झुडपांवर जगतात. त्यांच्या नोंदीही मोलाच्या आहेत.

मागच्या वसंतात आम्ही पुन्हा गेलो. मुलगी गाडीत काळोखात बसून बोटांवर मोजत होती. कुजबुजत म्हणाली, "बाबा, चौदा." मी तेरा मोजले होते. वहीत तिचाच आकडा लिहिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूया. तोवर नमस्कार!