गोधडीतला निळा तुकडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



ही गोधडी उलगडते, जरा पलीकडचं टोक धरा कुणीतरी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आपण सातवीत होतो. बाबा गिरणीत, आम्ही मुलुंडच्या चाळीत. संप लांबतच गेला. १९८४ च्या मे महिन्यात आईने ही शिवली. खाली आजीचं लुगडं, मध्ये बाबांचे विरलेले शर्ट, वर ही ठिगळं. धावदोरा बघा किती जवळजवळ आहे. टाके विरळ घातले की धुताना आतलं कापड गोळा होतं. आणि धुवायची ती मे महिन्यातच. पावसाळ्यात आपल्याकडे साधा टॉवेल वाळत नाही!

हा निळा तुकडा आपल्या गणवेशाचा. स्कर्ट माझा नव्हता. संपाच्या पहिल्या जूनमध्ये कुणीतरी तो गुपचूप माझ्या दप्तरात ठेवला. दोन वर्षं वापरला, पण लाजेने कधी कुणाला विचारलं नाही. शिवणाच्या बाई हसतायत, म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

आई आता पंच्याऐंशीची आहे. निघताना म्हणाली, ‘तिला विचारून ये गं.’

सांगा ना बाई, कोण होती ती?