आजोबांच्या कोटाचं बटण
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. १९९२ साली, आपण आठवीत असताना, भारत छोडो आंदोलनाला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली होती. मी चिमूरवर बोलले. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे काय झालं ते सांगितलं आणि शेवटी आवाज चढवून म्हटलं, "माझ्या आजोबांनी ते पाहून जंगलखात्याची नोकरी सोडली!" टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. आज मला त्या भाषणात एक दुरुस्ती करायची आहे.

गेल्या वर्षी मूलचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं. अंगणात आईची सोन्याची बुगडी फार पूर्वी हरवली होती. जेसीबी येण्याआधी एकदा शोधू, म्हणून भाच्यानं मेटल डिटेक्टर आणला. बुगडी काही सापडली नाही. खिळे, बैलाच्या नालाचा तुकडा, बाटल्यांची झाकणं निघाली, आणि विहिरीजवळ वीतभर खोल दोन पितळी बटणं.

आधी चिंचेनं घासून लख्ख करावीत असं वाटलं. तसं कधी करू नका. वरचा मुलामा आणि बारीक अक्षरं दोन्ही जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि खाचेतली माती काढायला लाकडी काडी, एवढं पुरतं.

मग वाचन सुरू केलं. गणवेशाचं बटण दोन्ही बाजूंनी वाचायचं असतं. पुढे राजचिन्ह असतं. मुकुट असेल तर बटण इंग्रजी अमलातलं. त्यातही मुकुटाच्या कमानी मधे दबलेल्या असतील तर बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, आणि गोल घुमटासारख्या असतील तर १९०१ नंतरचं. मागे शिवायची कडी असते आणि तिच्याभोवती पुष्कळदा बनवणाऱ्याचं नाव आणि शहर गोलाकार कोरलेलं असतं. लंडनच्या फर्मिनसारख्या जुन्या कंपन्यांची नावं आणि पत्ते काळाप्रमाणे बदलत गेले, त्यावरूनही साल जवळपास लागतं.

आमच्या पहिल्या बटणावर गोल कमानींचा मुकुट होता. म्हणजे आजोबांच्या तरुणपणचं. मी खूश. दुसऱ्या बटणावर भिंग धरलं आणि थांबले. त्यावर तीन सिंह होते.

सारनाथचे सिंह आपलं राजचिन्ह झाले २६ जानेवारी १९५० ला. बटण कधी हरवलं ते बटण सांगत नाही, पण कोणत्या दिवसाआधी ते असूच शकत नाही, हे पक्कं सांगतं. १९४२ ला नोकरी सोडलेल्या माणसाच्या अंगणात हे आलं कुठून?

आमच्या धंद्यात एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत. बटण दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. म्हणून पत्र्याची पेटी उघडली. तळाशी आजोबांच्या पेन्शनचा कागद होता, १९६९ चा. नाकेदार म्हणूनच निवृत्त. आलापल्लीच्या सागवानात त्यांची उभी हयात गेली. तेवढ्यात राज्य मात्र बदलत राहिलं: आधी सी. पी. अँड बेरार, १९५० ला मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. माणूस त्याच जंगलात, कोटावरची बटणं तेवढी बदलली.

आत्या आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं. ती हसली. "अवं बाई, नोकरी सोडली असती त आमाले खाऊ कोणं घातलं असतं? सोडली होती त्याईच्या चुलतभावानं. मास्तर होता तो. तुह्या बापाच्या डोक्यात दोन गोष्टी एक झाल्या."

बाबा आता नाहीत. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. पण एका मास्तरानं आपली भाकरी सोडली आणि टाळ्या आमच्या घरानं घेतल्या, हे मला रात्रभर टोचत राहिलं. आणि आजोबांचं काय? दोन लेकरांसाठी नोकरी धरून राहिलेला माणूस मला लहान वाटावा का? नाही वाटला. उलट पहिल्यांदाच खरा वाटला.

जाता जाता एक विनंती. हे ऐकून कुणी डिटेक्टर घेऊन आपल्या चंद्रपूरच्या परकोटाकडे किंवा जंगलात निघू नका. संरक्षित वास्तूजवळ आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या अंगणात दडलेलं काही दहा रुपयांहून जास्त मोलाचं निघालं, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यापेक्षा घरातल्या पेट्या उघडा, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते आहेत तोवर.

इतिहासाच्या आपल्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, त्या भाषणातलं शेवटचं वाक्य कृपया खोडून घ्या. स्मरणिकेत ही दुरुस्ती छापून यावी म्हणून हे भाषण लिहून आणलं आहे. कंपासपेटी मात्र परत करता येणार नाही. तिच्यातला कर्कटक दहावीतच हरवला.