कित्ता

अवसरी बुद्रुकच्या शाळेत काय किंवा आंबेगाव-जुन्नरच्या दुसऱ्या कुठल्या शाळेत काय, गुरुजींना एक अनुभव हटकून येतो. पाटीच्या माथ्यावर त्यांनी कित्ता घालून दिलेला असतो. मुलाची पहिली ओळ बरी उतरते. खाली खाली अक्षर बिघडत जाते. कारण उघड आहे. मूल आता कित्त्याकडे पाहतच नाही, वरच्या आपल्याच ओळीकडे पाहून लिहिते!

हे सांगायचे कारण असे, की येशूच्या शिष्यपणाविषयी लिहिताना पेत्राच्या पहिल्या पत्रात जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थच मुलांना घालून दिलेला कित्ता. नुसते मागे चालायचे नाही, तर अक्षर त्याच्यासारखे वळेपर्यंत गिरवायचे.

आपल्या जिल्ह्यात हा कित्ता गिरवला तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मभगिनी सांगतील ते मुकाट्याने मानणे त्यांना जमले नाही. आपण शिष्य ख्रिस्ताच्या, मग पाद्रीसाहेबांचे सगळेच का मानावे, हा त्यांचा रोकडा सवाल. (बाई शास्त्र्यांच्या घरातल्या, वाद घालणे रक्तातच होते म्हणा ना!) पुढे त्यांनीच लिहून ठेवले, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. नावाने ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने आपल्याबद्दल इतके स्वच्छ लिहावे, हे मला फार मोठे वाटते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होते. १८७४ मध्ये त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले होते, आणि त्या स्वतः भावासोबत अनवाणी गावोगाव हिंडल्या होत्या. आता त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. भिकेवर नव्हे, हाताला काम देऊन शेकडो जणींना उभे केले. तेच मुक्ती मिशन. १८९९ मध्ये समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. येशूवर त्या काळच्या प्रतिष्ठितांचा ठपका होता तो हाच, की तो असल्या माणसांच्या पंगतीला बसतो.

धर्मांतरामुळे रमाबाईंवर पुण्यात टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये शारदा सदनातून पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची धास्ती मला समजते. पण तेवढ्यावरून केडगावचे काम मोजू नये.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. अडाणी बाईलाही समजावे म्हणून. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ते पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले, केडगावच्याच छापखान्यातून. तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेले.