राखणदाराची भाकर

 

आज मी तुमच्याशी बचत गटाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याबद्दल. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल, की हप्त्याचा आणि कुत्र्याचा फार जवळचा संबंध आहे.

आपल्या शिंदखेडा, साक्री भागात ठेलारी मेंढपाळ आहेत. त्यांचे वाडे शेतात बसतात, तेव्हा रात्री लांडग्याची चाहूल आधी कुत्र्यालाच लागते. आता आपल्या गटांतल्या बायकाही कर्ज घेऊन शेळ्या पाळतात. शेळ्यांची नोंद आपण वहीत करतो. कुत्र्याची मात्र कुठेच नसते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंच्या दोन पाठी लांडग्याने नेल्या. त्यांचा मोत्या दारातच पडून होता, उठलाच नाही. सगळे म्हणाले, कुत्रा आळशी झाला. पशुवैद्यकांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. एकेक बरगडी मोजता येत होती. ते म्हणाले, "हा आळशी नाही, उपाशी आहे." दिवसभर कळपामागे चालणाऱ्या मोत्याला सकाळी एक आणि रात्री एक भाकर मिळत होती. आपल्याकडे म्हणतातच ना, "कुत्राले काय, भाकर टाकी दिनी म्हंजे झायं!" पण तेवढ्याने भागत नाही.

हिशोब करून बघू. साधारण २० किलो वजनाच्या, दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याला रोज १२०० ते १३०० कॅलरी लागतात. बाजरीच्या एका मध्यम भाकरीतून २८० च्या आसपास मिळतात. म्हणजे दोन भाकरींत त्याचं निम्मंही पोट भरत नाही. भाकर वाईट नाही. माणसासोबत राहून कुत्रा धान्य पचवायला शिकलाय. पण स्नायूंसाठी प्रथिनं आणि लांब पल्ल्याच्या दमासाठी तेल-चरबी हवी.

म्हणून दिवसाचं खाणं असं धरा. तीन भाकरी, एक वाटी घट्ट शिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ, दोन उकडलेली अंडी आणि दोन छोटे चमचे तेल. हे दोन वेळांत विभागून द्या. घरी कळण्याची भाकरी होत असेल तर उत्तमच, तिच्यात ज्वारीबरोबर उडीद आधीच असतो. अंड्याची टरफलं फेकू नका. उकळून, वाळवून, बारीक दळा आणि अर्धा छोटा चमचा पूड खाण्यात मिसळा, हाडांना चुना मिळतो. मोठ्या कुत्र्याला दूध पचलं नाही तर थोडं ताक देऊन बघा. पिल्लांना मात्र दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. पोटभर खाल्ल्यावर लगेच रानात पळवू नका. आणि आपल्या उन्हाळ्यात पाण्याचं भांडं सावलीत, कायम भरलेलं ठेवा.

आता काय देऊ नये ते. आपलं दोंडाईचा मिरचीसाठी प्रसिद्ध. उरलेला झणझणीत रस्सा आपण सहज कुत्र्याच्या ताटलीत ओततो. तिखट तर त्याला सोसत नाहीच, पण खरं विष आहे त्यातला कांदा-लसूण. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे त्याची डाळ फोडणीआधीच बाजूला काढा. मनुके, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या फाकी आतड्यात रुततात. बुरशी आलेली भाकर, मका, शेंगदाणे तर अजिबात नकोत, त्यातलं विष लिव्हर खराब करतं.

एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या लेकरांशी निगडित आहे. बोकड किंवा मेंढी कापली, की आतली फुप्फुसं, काळीज कच्चंच कुत्र्याला टाकतात. त्यात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतील, तर कुत्र्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून माती, पाणी, हात यांच्यामार्फत आपल्या पोटात जातात. मग माणसाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात गाठी वाढतात आणि कित्येक वर्षं कळतही नाही. गाठी दिसल्या तर ते मांस खोल पुरून टाका. बाकीचं द्यायचंच तर निदान अर्धा तास उकळून द्या. वर्षातून चार वेळा पशुवैद्यकांना विचारून जंताचं औषध आणि दरवर्षी रेबीजची लस चुकवू नका. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं, तेव्हा एक आजी चिडून म्हणाल्या, "लेकरांना रोज अंडं नाही, आणि कुत्र्याला दोन?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. आधी लेकरं, यात वादच नाही. शेवटी त्या ताईंनीच मार्ग काढला. अंडी रोज जमत नसतील तर त्या दिवशी डाळ वाढवायची. गाव-कोंबड्या पाळायच्या, पहिलं अंडं लेकरांना, उरलं तर मोत्याला. आणि गटाच्या वहीत शेळीच्या खर्चाखाली एक ओळ वाढवायची: राखणदाराचं खाणं.

दोन महिन्यांत मोत्याच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. हात फिरवला की जाणवतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. तब्येत बरोबर असल्याची हीच खूण. रात्री तो पुन्हा गोठ्याभोवती फेऱ्या मारतो. गेलेल्या पाठी काही परत आल्या नाहीत, त्यांचे हप्ते ताई अजून फेडतायत.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी भाकरी थापताना आपल्या राखणदाराच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवून बघा. काय लागतं हाताला, ते पुढच्या बैठकीत सांगा.