उजेडानं दाखवलं, मी पुसलं



मी तोफखान्यातला निवृत्त अधिकारी. नोकरीत देशभर फिरलो आणि शेवटी बडोद्यात घर केलं. इथे मराठी बोलायला माणसं कमी पडत नाहीत, गायकवाडांची कृपा. निवृत्तीनंतर गळ्यातली दुर्बीण गेली आणि कॅमेरा आला.

आज मी पक्ष्याच्या चेहऱ्याच्या, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या फोटोबद्दल बोलणार आहे. बाजूचा उजेड कसा वापरायचा आणि नंतर एडिटिंगमध्ये काय करायचं. त्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगायला मला दोन वर्षं लागली.

तरुणपणी आम्हाला शिकवलं होतं की समोरची जमीन वाचायची असेल तर भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की घळ, बांध, खड्डा सगळं एकाच पातळीत दिसतं. तीच जमीन सूर्य उगवल्यावर बघा. ऊन तिरपं असतं, प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि काल न दिसलेला नाला आज दिसतो. विमानातून काढलेले फोटो वाचतानाही सावलीच मदतीला येते.

पक्ष्याचा चेहरा हीसुद्धा एक जमीनच आहे. माझा आवडता पक्षी काळा शराटी. गुजरातीत त्याला काळी कांकणसार म्हणतात. अंग गडद, खांद्यावर पांढरा ठिपका, खाली वाकलेली लांब चोच, आणि डोक्यावर पिसांऐवजी काळी कातडी. त्यावर मागच्या बाजूला लाल मसांची टोपी. सूर्य पाठीमागे ठेवून त्याचा फोटो काढा, ती टोपी लाल रंगाचा सपाट डाग दिसेल. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला घ्या, म्हणजे त्याच टोपीतला एकेक मस वेगळा दिसतो. चोचीवरची खाच दिसते, मानेचं पीस न् पीस मोजता येतं.

आता थोडं कामाचं. जानेवारीत बडोद्याला सूर्य साधारण सव्वासातला उगवतो. पहिला दीड तास आपला. नंतर ऊन चढतं आणि सावल्या कडक होतात. पक्षी उन्हात आणि त्याच्या मागे सावलीतली झाडी, अशी जागा शोधा. बाजूच्या उजेडात अर्धा चेहरा अंधारात जातो, म्हणून घाई करायची नाही. पक्षी मान थोडी उजेडाकडे वळवतो, डोळ्यात सूर्याचा ठिपका चमकतो, तेव्हा बटण दाबायचं. डोळ्यात तो ठिपका नसेल तर जिवंत पक्षीही पेंढा भरल्यासारखा दिसतो.

कॅमेऱ्याला काळा पक्षी दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो फोटो उजळ करतो. मग लाल रंग फुटतो, मसांचे बारकावे जातात. म्हणून मी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवतो. दुसरी गोष्ट फोकसच्या खोलीची. ५०० मिलिमीटरची लेन्स, ८ मीटर अंतर, एफ/५.६ आणि फुल फ्रेम कॅमेरा असेल तर जेमतेम ८-९ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. शराटीची चोच त्याहून लांब. म्हणून तो अगदी बाजूने दिसेल तेव्हाच डोळा आणि चोच दोन्ही स्पष्ट येतात.

एडिटिंगमध्ये माझे नियम थोडे आहेत. रॉ फाइलच वापरायची. उजळ भाग थोडे खाली आणायचे. सावली थोडीच उचलायची, कारण ती पूर्ण उचलली तर पहाटे उठून मिळवलेला बाजूचा उजेड आपणच घालवून बसतो. सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा धुऊन टाकायचा नाही. शार्पनिंग डोळ्यावर आणि चोचीवर, मागच्या झाडीवर नाही. आणि पक्ष्याची नजर ज्या बाजूला, त्या बाजूला जागा मोकळी सोडायची.

आता ती चूक.

उत्तरायण होऊन चार-पाच दिवस झाले होते. आमच्याकडे १४ जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं. शहराबाहेरच्या एका तळ्यावर मला शराटी मिळाला. आठेक मीटरवर. तो उडाला नाही, मी खूष. आधी सूर्य पाठीमागे होता, तसे काही फोटो घेतले. मग वाकून हळूहळू बाजूला सरकलो आणि मला हवा तो उजेड मिळाला.

घरी आल्यावर पाहिलं तर चोचीच्या मुळाशी एक बारीक चमकती रेघ होती. वाटलं, गवताची काडी असेल. हीलिंग ब्रश घेतला, दोन फटक्यांत साफ. फोटोचं कौतुक झालं. मोठी प्रिंट काढून मी बैठकीत लावली.

पुढच्या वर्षी नवशिक्यांच्या एका वर्गात मी तोच फोटो दाखवला. एडिटिंगच्या आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. मागच्या रांगेतला दांडिया बाजारातला एक मुलगा उठला. उत्तरायणात जखमी पक्षी गोळा करायला तो स्वयंसेवक म्हणून जातो.

"काका, ती रेघ कसली होती?"

"गवताची काडी. पुसली."

"जरा मोठं करून दाखवता?"

मोठं केलं. हिरवट दोरा होता. चोचीला दोन वेढे आणि एक टोक मानेच्या पिसांत गेलेलं. मांजा.

वर्गात कोणी बोललं नाही. तो मुलगाही मला काही बोलला नाही. ते बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्या दिवशीचे सगळे फोटो काढले. सूर्य पाठीमागे ठेवून घेतलेल्या एकाही फोटोत दोरा दिसत नाही. बाजूच्या उजेडात घेतलेल्या प्रत्येक फोटोत दिसतो. आणि एकाही फोटोत चोच उघडलेली नाही. पक्षी उडाला का नाही, हे मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं जमीन वाचायला शिकलेला माणूस मी, आठ मीटरवरचा दोरा वाचला नाही. तळ्यावर नंतर पुष्कळ वेळा गेलो. शराटी दिसतात. तो कोणता, सांगता येत नाही.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तरी तो झाडांवर, तारांवर लटकलेला दिसतोच. फियाप आणि पीएसए या छायाचित्र संस्थांच्या निसर्ग विभागातही नियम आहे की फोटोतली वस्तू पुसायची नाही, हलवायची नाही. कडा कापायला मात्र मुभा. पूर्वी मला तो नियम स्पर्धेपुरता वाटायचा.

आता माझी पद्धत बदलली आहे. तळ्यावरच, जागेवरून उठायच्या आधी, कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो पूर्ण मोठा करून चोच, मान आणि पाय बघतो. घरी एडिटिंगच्या आधी तेच पुन्हा. जे पक्ष्याचं नाही ते काय आहे हे कळेपर्यंत ब्रशला हात लावत नाही. दोरा दिसला तर स्वतः पकडायला धावायचं नाही, घाबरून उडाला तर दोरा अजून आवळतो. लांबून नजर ठेवायची आणि फोन करायचा. गुजरातेत १९६२ हा क्रमांक आहे. फौजी माणूस हा आकडा विसरत नाही. तुमच्या राज्यात वन विभागाचा किंवा पक्षी वाचवणाऱ्यांचा जो क्रमांक असेल, तो आज घरी जायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा.

बैठकीतली ती प्रिंट मी काढली. त्या जागी मूळ फोटो लावला आहे, दोऱ्यासकट. येणारे पाहुणे विचारतात, ही रेघ कसली? मग मी सांगतो.

जय हिंद.