घरचे इंटरनेट कोणाचे घ्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी ह्याच दिवशी मी तुम्हांला अनारसे का फसतात ते सांगितले होते. यंदा चिटणीसताई म्हणाल्या, "इंटरनेटवर बोला." मी हसले. म्हटले, माझी शाळा सातवीला सुटली, मी काय बोलणार? तर त्या म्हणाल्या, "कंपनीच्या माणसाशी जिन्यात भांडताना तुमची इयत्ता कोणी विचारली होती का?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज उभी आहे. चुकले तर आपल्या लेकीसुनांनी सुधारून घ्यावे.

आपल्या डोंबिवलीत हल्ली दर दुसऱ्या खांबाला इंटरनेटची पाटी बांधलेली दिसते. जिओ, एअरटेल, बीएसएनएल ही मोठी नावे आहेतच, शिवाय गल्लीतले केबलवालेही आता टीव्हीबरोबर नेट देतात. जाहिरातीत सगळ्यांचे एकच बोलणे: आमचा वेग जास्त, आमचा दर कमी. घरातले पुरुष ती वाचतात, आकडा मोठा दिसेल तिथे पैसे भरतात आणि सकाळची लोकल पकडून जातात. मग दिवसभर ते नेट चालते की रडते, हे कोण पाहते? आपणच पाहतो. म्हणून माझे म्हणणे असे की, निवड करतानाही आपले म्हणणे विचारात घ्यावे.

आमच्याकडे ही तार आली ती २०२० च्या टाळेबंदीत. तोवर मोबाइलच्या नेटवर भागत होते. मार्चात सगळे घरी बसले. ह्यांचे ऑफिस जेवणाच्या टेबलावर, थोरलीचे वर्ग आतल्या खोलीत, धाकट्याची शाळा ओट्याशेजारी पाटावर, आणि सासूबाईंचे कीर्तन टीव्हीवर. मोबाइलचे नेट दुपारपर्यंत संपून जाई. तेव्हा घाईघाईने जो पहिला भेटला त्याचे फायबर घेतले, तेही सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून. ही आमची पहिली चूक. तिसऱ्या आठवड्यापासून रोज रात्री नेट मंद होऊ लागले, पण पैसे अडकलेले असल्यामुळे सहा महिने सोसावे लागले. नवीन जोडणी घेताना आधी एकाच महिन्याचे पैसे भरावेत. दर थोडा जास्त पडतो, पण सोडून देण्याची मोकळीक राहते. आणखी एक: पाटीवर ४९९ रुपये लिहिलेले असतात, त्यावर १८ टक्के जीएसटी चढून हातात ५८९ चे बिल येते. घरखर्चाच्या वहीत ५८९ च धरावेत.

आता वेगाचे. शंभर एमबीपीएस म्हणजे काय, हे मला माझ्या धाकट्याने शेर-छटाकांसारखे समजावून दिले. फोनवर फोटो नि सिनेमे मोजतात ते मेगाबाइटमध्ये, आणि कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभराचा वेग असला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरायचे. ह्यात लबाडी नाही, माप निराळे आहे एवढेच. पण शंभर तरी लागतात कोणाला? टीव्हीवर चांगल्या चित्राचा सिनेमा पाहायला पाचएक पुरतात, अगदी बारीक चित्राच्या मोठ्या टीव्हीला पंधरा ते पंचवीस. समोरासमोर बोलायला तर दोन-चारांत भागते. पाच माणसांच्या घराला शंभर म्हणजे भरल्या रांजणासारखे आहे. तीनशेचे घेऊन आतल्या खोलीत नेट पोचत नसेल, तर ते तीनशे काय कामाचे?

आणि आतल्या खोलीत पोचत नाही, ते बहुधा कंपनीमुळे नव्हे. आमचा राउटर कोपऱ्यातल्या शोकेसमध्ये, चांदीच्या समईमागे होता. दिसायला छान! तो बाहेर काढून मधल्या दारावर उंच लावला आणि आतल्या खोलीतली अर्धी रड संपली. राउटरच्या दोन लहरी असतात. एक भिंतीपलीकडे जाते पण सावकाश चालते, दुसरी धावते पण भिंतीला अडते. सावकाश लहरीचा आणि आपल्या मायक्रोवेव्हचा पट्टा जवळजवळ एकच आहे. थोरलीची परीक्षा चालू असताना मी आमटी गरम करायला ठेवली की तिचे मास्तर अडखळत. हे आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

पण जिन्यातल्या भांडणाची गोष्ट सांगायची राहिली, ती सांगते. २०२३ च्या दिवाळीची साफसफाई झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून नेट तुटू लागले. डबीवर 'लॉस' असे लिहिलेला एक दिवा असतो, तो तांबडा लुकलुके. मी तीन वेळा तक्रार केली. चौथ्या दिवशी मुलगा आला, त्याला दारातच धरले. सणासुदीला असे वागता, पैसे मात्र पहिल्या तारखेला, असे पुष्कळ बोलले. तो बिचारा ऐकून घेत होता. मग त्याने तार काढून एका लहानशा यंत्राला लावली. यंत्रावर आकडा आला उणे २८. तो म्हणाला, "काकू, वीसच्या आसपास पाहिजे. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेले की डबीला प्रकाशच दिसत नाही." आणि तारेचा माग काढीत तो कपाटाशी गेला. मी साफसफाईला लोखंडी कपाट सरकवले होते, ते भिंतीला टेकवताना तार मागे चेपून दुमडली गेली होती. कपाट वीतभर पुढे ओढले, तार सैल गोल सोडली, यंत्रावर आकडा आला उणे १९. मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. त्याला फराळाचे ताट दिले. त्याने चकल्या तेवढ्या खाल्ल्या.

बायांनो, ही तार म्हणजे तांब्याची तार नव्हे. आत काचेचा धागा असतो, मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड, आणि त्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. तो आतल्या आत परतत परतत धावतो. धागा गोल वळवला तर चालतो, पण चिमटीत धरून दुमडला की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. ह्या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी आपल्या पंजाबातल्या मोगा गावचे. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हे मी धाकट्याच्या प्रकल्पाच्या वहीत वाचले. ज्यांनी ही तार घराघरांत शक्य केली त्यांच्या गावचे नाव माहीत असावे, म्हणून सांगितले.

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. तार चेपलेली नाही ना, दिवा तांबडा आहे की हिरवा, हे आधी पाहायचे. मग धाकट्याचा लॅपटॉप राउटरला थेट तारेने जोडून वेग मोजायचा. तारेवर वेग पुरा आणि खोलीत कमी, तर दुखणे आपल्या घरातले. तारेवरही कमी, तर कंपनीला फोन. फोन केला की तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवायचा. उत्तर पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. पुष्कळजणी थेट ट्रायला लिहितात. पण एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही, तेव्हा ती वाट धरू नये.

आणि वहीत लिहायला लागले. दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती, तिच्यात घरे आखली: तारीख, वेळ, वेग, दिवा. सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला. आमच्या जिन्यातल्या सहाजणींनी आपापल्या घरचे लिहायचे कबूल केले. त्यांच्यात तीन निरनिराळ्या कंपन्यांची नेटे होती. महिनाभर लिहिले. एकीने मध्येच सोडले, तिच्याकडे बाळंतपण होते.

वहीतून दिसले ते असे. एका नेटचा वेग सकाळी नव्वदच्या वर, आणि रात्री साडेनऊला तीसवर. एक धागा खांबावर फोडून बत्तीस नाहीतर चौसष्ट घरांना वाटतात. ते चालते, कारण सगळेच एकदम पीत नाहीत. पण वाटणाऱ्याने वरून पाणीच कमी विकत घेतले असेल तर रात्री सगळ्या तोट्या उघडल्या की धार बारीक होते. पाण्याच्या टाकीचा हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको. दुसरे नेट रात्रीही जसेच्या तसे, पण कोपऱ्यावर रस्ता काँक्रीटचा करायला खणला तेव्हा दोन दिवस पूर्ण बंद, आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. तिसऱ्याचा वेग मध्यम, पण बिघडले की केबलवाल्याचा मुलगा संध्याकाळपर्यंत हजर. ह्यांतले चांगले कोणते? ज्यांची मुले रात्री अभ्यास करतात त्यांचे उत्तर निराळे, आणि ज्या भगिनी घरून शिवणाच्या ऑर्डरी घेतात त्यांचे निराळे. मी स्वतः तिसरे घेतले. मला वेगापेक्षा माणूस बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती, ती गच्चीवर गेल्यावर कळली. समोरच्या बिऱ्हाडाने एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून दोन कंपन्यांची नेटे घेतली होती. दोन्हींच्या तारा त्याच गुलमोहरावरून आल्या होत्या! पावसाळ्यात फांदी पडली, दोन्ही गेली. दोन नावे घेण्याआधी दोन वाटा आहेत का, ते पाहावे.

दिवे गेले की नेटही जाते, हेही लक्षात ठेवा. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच येई, म्हणून अंधारातही तो वाजे. काचेतून वीज येत नाही. राउटरसाठी एक छोटी बॅटरी मिळते, ती लावली की निदान दोनेक तास निभावते.

आता खरी गोष्ट. वहीचे काम चालू असतानाच आमच्या सोसायटीकडे एका कंपनीचा निरोप आला: पाच वर्षे इमारतीत फक्त आमचीच तार येऊ द्या, आम्ही जिन्यातल्या कॅमेऱ्यांना नेट फुकट देऊ. कमिटीला ते सोन्यासारखे वाटले. कंपनी तीच, रात्री तीसवर येणारी. साधारण सभेला आम्ही पाचजणी वही घेऊन गेलो. मी उभी राहिले तेव्हा मागून कोणी म्हणाले, "वहिनी, तांत्रिक बाब आहे." मी म्हटले, तांत्रिक बाब तांत्रिक माणसाने वाचावी, मी फक्त आकडे वाचते. आणि तीस दिवसांचे रात्रीचे आकडे एकेक करून वाचले. बारा-तेरा दिवस वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पुरे, कळले." थोरलीने शोधून दिले होते की, इमारतीत एकाच कंपनीची मक्तेदारी असू नये अशी शिफारस ट्रायने २०१७ सालीच केली आहे. ती छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

ठराव नामंजूर झाला. सगळे खूश झाले असे मात्र नाही. कॅमेऱ्यांच्या नेटचे पैसे आता सर्वांच्या देखभालखर्चातून जातात आणि तळमजल्यावरच्या आजोबांना त्याचा राग आहे. ते मला अजून जिन्यात म्हणतात, "काय, इंटरनेटबाई!" त्यांचे पेन्शनीचे गणित मला समजते, म्हणून मी हसून पुढे जाते. त्यांच्या नातीचे पुण्याहून रोज रात्री साडेनऊला बोलणे असते. परवा मी त्यांनाच विचारले, चेहरा स्पष्ट दिसतो का? म्हणाले, "हल्ली दिसतो."

वही मी बरोबर आणली आहे. चहा झाल्यावर ज्यांना आपल्या घरासाठी घरे आखून न्यायची असतील त्यांनी टेबलाशी यावे. मधली चार पाने लोणच्याच्या मसाल्याच्या हिशेबाची आहेत, तेवढी सोडून पाहावीत.