गोंगाट की गाणे?



आजचा विषय आपल्या गोंदियाकरांस थोडा परका वाटेल. १९९६ साली मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ या वाद्यवृंदाने ‘वी आर नॉट लिसनिंग’, म्हणजे ‘आम्ही ऐकत नाही’, या नावाचा गीतसंग्रह काढला. जड, खरखरीत अशा ‘ग्रंज’ वळणाचे जे संग्रह आपल्या देशात प्रथम निघाले, त्यांत त्याची गणना होते. त्याचे गायक विशाल ददलानी पुढे हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून घरोघरी पोहोचले.

हे वळण मूळ अमेरिकेतील सिएटल शहराचे. ‘निर्वाणा’ या वृंदाच्या १९९१ सालच्या ‘नेव्हरमाइंड’ने ते जगभर नेले, आपल्याकडे उपग्रह दूरचित्रवाणी आली तीही त्याच वर्षी. यातली ती खरखर निघते कशी? गिटारचा विजेचा संकेत ध्वनिवर्धकाच्या कुवतीपलीकडे वाढविला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर त्यातून उठतात. तेव्हा ही खरखर यंत्राचा बिघाड नव्हे, ती वादकाने योजिलेली असते.

“पण हा परदेशी गोंगाट आपल्याला कशाला?” असे कोणी विचारील. त्यांस आम्ही पेटीची आठवण देतो. पेटीही युरोपातूनच आली. आपल्या स्वरांना ती मानवत नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तोवर मराठी नाट्यसंगीत तिच्याच साथीने रंगत होते. धानाची कापणी झाली, की आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात. तिथला ऑर्गन परका आहे, असे कोण म्हणतो?

मात्र पेटी आपली झाली ती आपली पदे तिच्यावर गायिली गेली म्हणून. पेंटाग्रामने आवाज घेतला, त्यात शहरी तरुणांचा खरा त्रागा ओतला. परंतु शब्द इंग्रजीच राहिले. आमच्या मते त्या संग्रहाचा आवाका तेथेच आखडला. पुढे त्या वृंदाने इलेक्ट्रॉनिक नादाची वाट धरली.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती, की घरातला मुलगा गिटार घेऊन बसला तर दार लावून घेऊ नका. आणि त्या मुलास एवढेच सांगणे, की बाबा रे, ओरडायचे तर खुशाल ओरड, पण एखादे गाणे झाडीबोलीत करून पाहा. दंडारीला जमणारी माणसे तेही ऐकायला बसतील.